रॅमच्या दोन पट्ट्या

सोमवार, ३

कारखान्यातून निवृत्त होताना पाळीच्या नोंदींची एक कोरी वही घरी आणली होती. दोन वर्षं कपाटात पडून होती. आजपासून तिच्यात लिहितो, कारण घरात काम निघालं आहे आणि काम निघालं की नोंद ठेवायची मला सवय आहे. ही वही घरातल्या कुणी उघडायची नाही. हिने हे वाक्य वाचलं, तर तिने उघडली हे आपोआप सिद्ध होईल.

काम असं. ठमीला कॉम्प्युटर हवा आहे. ठमी म्हणजे आमची लेक, वय एकोणतीस. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते घरात कुणी वापरत नाही. इमारत बांधायच्या आधीच ती कशी दिसेल, याची हलती चित्रं ती कॉम्प्युटरवर बनवते. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ठमी रजा घेऊन आली, रजा संपल्यावर इथूनच काम करू लागली, त्याला आता सात महिने झाले. तिच्या ऑफिसने कळवलंय की जुन्या लॅपटॉपवर यापुढे भागणार नाही. एक तर घरी चौसष्ट जीबी मेमरीचं मशीन बसवा आणि एकवीस तारखेच्या आत त्याच्या चाचणीचा निकाल पाठवा, नाहीतर एक तारखेपासून ऑफिसात येऊन बसा. ऑफिस इथून आगगाडीने अकरा तास.

जेवताना तिने हे सांगितलं. आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात मी म्हटलं, मशीन मी बांधतो. चौतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात देखभालीचा फिटर होतो. तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी यंत्रं खोलून परत बसवली आहेत. हा तर एक डबा. ठमी म्हणाली, "बाबा, पण..." मी म्हटलं, पण-बिण काही नाही, ठरलं. ही हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मला स्वतःला काही फरक पडत नाही. जायचं असेल तर जाईल. पण मशीन नाही म्हणून जावं लागलं, तर घरात फिटर असून उपयोग काय?

मंगळवार, ४

ठमी दुकानात जाऊन कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळं आधीच भरून दिलेली डिस्क वगैरे घेऊन आली. फक्त मेमरी नव्हती, ती शुक्रवारी येईल म्हणे. मेमरी म्हणजे रॅम. पाऊण वीत लांबीच्या हिरव्या पट्ट्या असतात, त्या मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये उभ्या दाबून बसवायच्या.

तिने मला चार पानं छापून दिली. या बोर्डाला कोणकोणती मेमरी चालते याची यादी. अक्षर एवढं बारीक की डॉक्टरांनी डोळे तपासायला वापरावं. पट्टी ती पट्टी, तिच्यासाठी चार पानं कसली लागतात? पानांची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी कॅबिनेटचा नकाशा काढला. कागद वाया घालवणं मला जमत नाही.

गुरुवार, ६

शुक्रवारपर्यंत कोण थांबणार? कारखान्याच्या रस्त्यावर एक दुकान आहे, तिथून बत्तीस जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. घरी आणून लावतो तर बसेनात. पट्टीला खाली एक खाच असते, स्लॉटमध्ये एक दांडी असते, ती त्या खाचेत जायला हवी. लांबी बरोबर, जाडी बरोबर, पण खाच चुकीच्या जागी. व्हर्निअर काढून मोजलं. दोन-अडीच मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा फरकासाठी माणसाचा दिवस फुकट घालवतात.

कानस काढली. मऊ काम आहे, दोन मिनिटांत खाच सरकवता येते. ही म्हणाली, माझ्या चष्म्याची दांडी ज्यांनी नीट केली तेच का हे हात? तो चष्मा तेव्हापासून तिच्या एका कानाला टेकतच नाही, हे खरं आहे. तेवढ्यात ठमी आली, माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि पेटीत ठेवून दिली. मग म्हणाली की ही चौथ्या पिढीची मेमरी आहे, बोर्ड पाचव्या पिढीचा आहे, चुकून कुणी लावू नये म्हणूनच खाच मुद्दाम सरकवलेली असते. मी म्हटलं, मग तसं पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं. तिने पट्टी उलटी करून दाखवली. लिहिलेलं होतं.

शुक्रवार, ७

त्या दुकानदाराने पट्ट्या परत घेतल्या नाहीत. पाकीट फोडलं म्हणे. न फोडता लावायच्या कशा, असं विचारलं तर त्याने दाराकडे बोट दाखवलं.

तिथून ठमीच्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला आणि दर दोन वाक्यांना तो डोळ्यांवर चढवतो, उतरवतो. मी त्याचं नाव दोरीवाला ठेवलं आहे. त्याने बोर्डाचं नाव विचारलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला की काका, यादीतली एक पट्टी आत्ता आहे, जोडी सोमवारी येईल. एकाच डब्यातली जोडी घ्या, वेगवेगळ्या दोन घेतल्या तर एकमेकींशी जमेलच असं नाही. मी शेल्फवर दुसऱ्या कंपनीची एक बघितली. तिच्यावरही बत्तीस, तिच्यावरही पाचवी पिढी. मी दोन्ही घेतल्या. तो म्हणाला, बघा बुवा. सोमवारपर्यंत हातावर हात धरून कोण बसणार?

शनिवार, ८

सकाळी दहाला जोडणी पूर्ण. तारा एकदम सरळ, एकही स्क्रू उरला नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ही विचारणारच.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. बोर्डावर मेमरीच्या नावापुढे एक पिवळा दिवा लागला तो लागलाच. मी ताबडतोब बंद केलं.

याचं कारण नोंदवतो. कारखान्यात माझ्या हाताखाली जो कुणी आला, त्याला पहिल्या दिवशी मी हेच शिकवलं: यंत्र फिरतंय पण काम करत नाही, म्हणजे आत काहीतरी खातंय. आधी बंद कर, विचार मागाहून. या एका नियमावर मी मुख्य रोलरचा गिअरबॉक्स वाचवला होता. साहेब म्हणत होते की जरा चालू दे, बघू. मी बटण दाबलं. उघडून बघितलं तर आत दात तुटलेला. आणखी एक मिनिट गेलं असतं तर सगळ्याचा भुगा झाला असता. त्याबद्दल मला भर सभेत हार घातला होता.

पट्ट्या काढल्या, पुसल्या, लावल्या. परत काळा पडदा, परत पिवळा दिवा. बंद. जागा बदलल्या. बंद. एकच लावली. बंद. जेवणापर्यंत अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ठमी दारात येऊन म्हणाली, "बाबा, पहिल्या वेळी जरा..." मी म्हटलं, ठमे, तू तुझं काम कर, मी माझं करतोय. ती गेली. नंतर मला वाईट वाटलं, पण तोवर तिने दार लावून घेतलं होतं.

सोमवार, १०

डब्यातली जोडी आणली. दोरीवाल्याने शुक्रवारच्या दोन्ही पट्ट्या बदलून दिल्या, माणूस तसा वाईट नाही. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, असं त्याने कागदावर काढून दिलं. मी पहिल्या दोनांत लावत होतो. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या आणि चौथ्यात लावल्या. पंखे, काळा पडदा, पिवळा दिवा. वीस सेकंद धीर धरला. बंद केलं. तळपायाची आग मस्तकात गेली. कॅबिनेटला एक लाथ घातली, अगदी हलकी. ही बाहेरून म्हणाली, त्याला लागलं का हो?

बुधवार, १२

दिवसभरात चौदा वेळा. दर वेळी पट्ट्या पूर्ण काढायच्या, संपर्काची जागा पुसायची, नव्याने दाबायच्या. अंगठ्याचं कातडं निघालं आहे.

ठमी दुपारी परत आली. "तो दुकानदार म्हणत होता की..." असं तिने सुरू केलं. मी म्हटलं, त्याला मी बघून घेतो, तू मध्ये पडू नकोस. ती दोन मिनिटं तिथेच उभी राहिली. मी पट्टी पुसत होतो. मग म्हणाली, बरं.

तिने आज सगळे लोकरीचे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले. मोठी बॅगही माळ्यावरून काढून उन्हात ठेवली. आईला म्हणाली, बुरशी आली का बघते. पोरगी घरात लक्ष घालते आहे याचं बरं वाटलं. गच्चीवर फोनवर कुणाशी तरी तासभर बोलत होती, हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता. हल्ली खाली ती अशी हसत नाही. माझ्या त्या डब्याचा वैताग तिच्याही डोक्यावर बसला असणार.

गुरुवार, १३

पट्ट्या घेऊन दोरीवाल्याकडे गेलो आणि काउंटरवर ठेवून म्हटलं, खराब आहेत. तो म्हणाला, बघू. स्वतःच्या दुकानातलं मशीन उघडून त्याने लावल्या. पंखे फिरले, पडदा काळा. मी म्हटलं, बघितलंत? त्याने हं केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला प्रिंटरची शाई दाखवायला गेला. मशीन तसंच चालू. मला ते बघवेना, मी बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिलो. त्या बाईंनी शाईवरून घासाघीस करता करता चांगला वेळ खाल्ला. आत आलो तर पडद्यावर सगळं व्यवस्थित आणि मेमरी चौसष्ट. म्हणाला, पट्ट्या ठणठणीत आहेत काका.

माझी पाठ फिरल्यावर त्याने काय केलं, कळायला मार्ग नाही. पट्ट्या बदलल्या असतील म्हणावं तर माझ्या अंगठ्याच्या रक्ताचा डाग एकीवर तसाच होता.

घरी येऊन लावल्या. पिवळा दिवा. बंद.

शनिवार, १५

आज काही केलं नाही. खुर्चीत बसून डब्याकडे बघत राहिलो. सहा दिवस उरले.

ही चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. म्हणाली, "तिला विचारलंत का?" मी म्हटलं, काय विचारायचं? म्हणाली, "काहीही विचारा. सात महिन्यांत तुम्ही तिला काय लागतंय का, एवढंच विचारलंय." मी म्हटलं, मग बाप आणखी काय विचारणार? ती चहाचा कप उचलून आत गेली. मी अजून प्यायलो नव्हतो.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. ठमी यायच्या आधी या घरात आम्ही दोघं दिवसभरात वीस वाक्यं बोलायचो, त्यातली अर्धी दुधाबद्दल. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी रोज सकाळी डबा मागायचो आणि मग आठवायचं. ठमी आली आणि सकाळी कुणीतरी मला विचारू लागलं, बाबा, आज काय दुरुस्त करताय? मी मुद्दाम एक-दोन गोष्टी नादुरुस्त ठेवायचो. ती गेली तर मला फार जड जाईल. मशीन झालंच पाहिजे.

सोमवार, १७

एकोणीस वेळा. नाकी नऊ आले. पॉवर सप्लाय बदलून बघितला, काही नाही. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढून लावली, काही नाही. हिच्यावर ओरडलो. ठमीवर ओरडलो. दार वाजवणाऱ्या गॅसवाल्यावर ओरडलो, तो चुकीच्या घरी आला होता बिचारा.

ठमी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता." मी म्हटलं, राहू कसं देऊ, चार दिवस आहेत अजून. चौतीस वर्षांत एकही यंत्र मी अर्धवट टाकलेलं नाही. ती म्हणाली की यंत्राबद्दल नाही म्हणत मी. मग कशाबद्दल, ते सांगितलं नाही. या मुलीचं बोलणं हल्ली निम्मं पोटात असतं.

बुधवार, १९

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. दोरीवाला कुलूप काढत होता तेव्हाच मी सुरू झालो. अकरा दिवस, दोन जोड्या, पन्नासच्या वर वेळा बटण दाबलं, तुमचा माल तरी खोटा आहे नाहीतर तुमची यादी तरी. त्याने मला स्टूल दिलं. चष्मा चढवला. म्हणाला, "काका, बटण दाबल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

मी म्हटलं, थांबायचं कशाला? पडदा काळा म्हणजे बंद. फार तर वीस सेकंद.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने समजावलं की नवीन मेमरी पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी जुळणी करून घेतो, वेग किती झेपतो ते एकेक तपासून बघतो. पाचव्या पिढीच्या चौसष्ट जीबीला दहा मिनिटंसुद्धा लागतात. तोवर पडदा काळाच राहतो आणि तो पिवळा दिवा त्या जुळणीचाच असतो. मध्ये बंद केलं, की पट्टी काढून लावली, की सगळं पहिल्यापासून. एकदा झालं की नंतर रोज झटकन चालू. मी म्हटलं, मग हे आधी सांगायला तुम्हाला काय झालं होतं?

तो म्हणाला, "ताईंना सांगितलं होतं की. त्या पहिल्या दिवशी आल्या होत्या तेव्हाच. त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं."

घरी कसा आलो, आठवत नाही. ठमी गच्चीवर होती. पट्ट्या लावल्या, बटण दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. पंखे फिरत होते, काम काही होत नव्हतं. पहिल्या मिनिटाला हात आपोआप सुटला, परत दाबला. तिसऱ्या मिनिटाला जळका वास आल्यासारखं वाटलं. वास स्वयंपाकघरातून येत होता. पाचव्याला मी उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. घड्याळात नऊ मिनिटं झाली आणि मागून पांढरा उजेड भिंतीवर आला. मेमरी चौसष्ट जीबी. दोन्ही पट्ट्या, दुसरा आणि चौथा स्लॉट.

एवढ्या दिवसांनी यंत्र चालू झालं आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मी ठमीला हाक मारली. ती आली, पडद्याकडे बघितलं, तिचा चेहरा उतरला. मी बघितलं तो उतरताना.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. सांगायला दोनदा आले होते."

"दोनदा सांगू दिलं नाही, मग तिसऱ्यांदा का नाही आलीस?"

तिने माझ्या सोललेल्या अंगठ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "तुम्ही रात्री झोपल्यावर मला स्वतःला चालू करता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. नाही केलं. मला जायचंय बाबा."

त्यानंतर ती बोलत राहिली. तिकडे सहा जणं एका लांब टेबलाशी बसतात, एकमेकांच्या चुका काढतात, भांडतात, त्यातून तिला काम येतं. इथे ती खोलीत एकटी असते. दर तासाला दारावर टकटक होते आणि काही लागतंय का, असं विचारलं जातं. तिला चिडता येत नाही, कारण विचारणारा बाप असतो. आईचा गुडघा तीन महिन्यांपूर्वीच बरा झाला, पण तेव्हा मी व्हरांड्यात तिच्यासाठी पुस्तकांचं शेल्फ करायला घेतलं होतं, मग तिला बोलवेना. रोज ठरवायची, आज सांगायचं. मी म्हटलं नाही की माझ्यासाठी राहा. म्हणावंसं फार वाटलं. ती स्वतःच म्हणाली, "तुम्ही राहा म्हणालात तर राहीन. तेवढं म्हणू नका."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हटलं, "बस. लिही त्यांना, एक तारखेला येते म्हणून."

ती बसली आणि त्याच मशीनवर लिहू लागली. चार ओळींच्या पत्राला चौसष्ट जीबी. मी मागे उभा होतो. पत्र वाचत नव्हतो, ती टाइप करते कशी ते बघत होतो. फार वेगात करते, हे मला माहीतच नव्हतं. तिने पत्र पाठवलं, तेवढ्यात ही ओले हात पदराला पुसत दारात आली, पडद्यावरचा उजेड बघितला आणि म्हणाली, झालं ना एकदाचं चालू? मग रडायला काय झालं?

मी म्हटलं, कुठे रडतोय.

ही म्हणाली, तुम्हाला कोण विचारतंय, मी ठमीला विचारलं.